ओवाळणीत आलेली कादंबरी

भाऊबीज, संध्याकाळ. बिशान.

काय दुर्बुद्धी सुचली मला!

गेले दोन महिने शेजारच्या ब्लॉकमधले प्रधान आणि मी खालच्या बाकावर एक इंग्रजी कादंबरी वाचतोय. दोनशे वर्षांपूर्वीचं खेडं, पाद्र्याची फटकळ मुलगी, तिला नाचायला कसं विचारावं हेच न कळणारा जमीनदार. प्रधान वाचतात, मी हसते. दोघंही एकटे. त्यात काय एवढं?

परवा ते नाचाच्या प्रसंगाशी थांबले, खूण म्हणून इथल्या मेट्रोचं, एमआरटीचं जुनं कार्ड ठेवलं.

काल सूनबाईने सहज विचारलं, "आई, रोज कोण असतात हो ते?" आणि मी घाबरून बोलून गेले, "अगं, भावासारखे आहेत मला."

"मग उद्या ओवाळायलाच बोलवू या की!"

आज ओवाळलं. तबकात प्रधानांनी ती कादंबरीच ठेवली. "पुढचं तुम्हीच वाचा, ताई."

ताई! परवापर्यंत सुमनबाई होते.

कार्ड अजून त्याच पानात आहे. जमीनदाराने हात पुढे केलाय. ती हो म्हणेलच. तिला कुठे सुनेला उत्तर द्यायचं होतं!