'शे' म्हणालो, 'छे' लिहिलं

शिंदखेडा, बुधवार

आदरणीय दाजी,

पाया पडतो (लांबूनच, गुडघा धरलाय). अक्काची शुगर उतरली का? फोनच केला असता, पण माझं बोलणं माणसांना नीट ऐकू जात नाही, हे हल्ली कोर्टातच सिद्ध झालंय.

कामगार कोर्टाचं तुमच्या कानावर आलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐका. जिनिंगवाल्यांनी मला सतरा वर्षांच्या नोकरीवरून काढलं, का तर म्हणे न सांगता आठ दिवस गैरहजर. आता कावीळ काय अर्ज करून येते? तरी डॉक्टरची चिठ्ठी तेव्हाच ऑफिसात दिली होती. तिची झेरॉक्स घेऊन मी कोर्टात गेलो (आमच्या धुरपदाने शर्टाबरोबर तिलाही इस्त्री केली). आमचे वकील ऐनवेळी दुसऱ्या कोर्टात! जजसाहेब परजिल्ह्यातले, पण माणूस सभ्य. त्यांनी विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का? रस्ताभर 'आहे साहेब, आहे साहेब' घोकत गेलो होतो, ते सगळं पार उडालं आणि तोंडातून आपलं घरचं अहिराणीच निघालं, "शे!" साहेबांना ऐकू आलं, "छे!" झालं कल्याण. 'अर्जदारास काही सांगायचे नाही' असं लिहून दावा फेटाळला. मी खिशातून चिठ्ठी काढेपर्यंत पुढच्या माणसाचा पुकारा झाला. फेटाळा ना बाबा, पण ऐकून तरी फेटाळा! बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो, दाजी. खोटं कशाला सांगू.

वकील म्हणतात, दावा पुन्हा उघडायचा अर्ज करता येईल, फक्त मी 'शे' म्हणालो हे ऐकणारा कुणीतरी हवा. बाकी क्षेम आहे.

तुमचा,
रुपचंद

ता. क. : चांदभाईच्या टेम्पोतून भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ पाठवलंय. ती लाच नाही.

आणखी ता. क. : त्या दिवशी कंपनीच्या बाकावर सुपरवायझर म्हणून तुम्हीच होतात. मी 'शे' म्हणालो तेव्हा तुम्ही मान वर केलीत, मग खाली घातलीत. जावयाला जाब विचारायची आपल्यात रीत नाही, म्हणून विचारत नाही. तुम्हालाही नोकरी आहे, कळतं मला. पण तुम्ही पिंपळनेरचे, घरात 'शे'च बोलता. प्रतिज्ञापत्रावर एवढंच लिहून द्या, की मी ऐकलं. सोमवारी अर्ज द्यायचाय.

जमणार नसेल तरी अक्काला काही बोलू नका. तुम्ही त्या दिवशी कोर्टात नव्हतात, असं मी तिला सांगितलंय.