बंद लाइनीतला करंट

४ मार्च
वरच्या वस्तीने आज डीपी फोडली. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं दार उचकटून फ्यूज चिखलात फेकले. खालच्या वस्तीत भाऊजींची पिठाची गिरणी सुरू झाली की वर दिवे मिणमिणतात, पंप नुसता गुरगुरतो. एका ट्रान्सफॉर्मरने दोन वस्त्या किती ओढायच्या? वरच्यांना स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि लाइन देण्यासाठीच वीज कंपनीने मला इथे पाठवलंय. पण सख्खी बहीण गावात, म्हणून उतरले गिरणीवाल्याकडेच. वरचे मला ‘गिरणीची मेव्हणी’ म्हणतात.

७ मार्च
खांबांचे खड्डे खालच्यांनी बुजवले. त्यांच्या बांधावरून लाइन नको म्हणे. वरचे पहारी घेऊन उतरले. लांबू — आमचा लाइनमन — मध्ये पडला आणि डोक्यात दांडका बसला. दवाखान्यात टाके घालून घेताना मलाच धीर देत होता.

८ मार्च
ताई ताट वाढताना म्हणाली, वर नीट वीज आली की ते स्वतःची गिरणी टाकतील, मग आमच्याकडे कोण येणार? भाऊजी मान खाली घालून जेवले.

११ मार्च
खांब उभे राहिले, पोलीस बंदोबस्तात. उद्या शटडाऊन घेऊन, म्हणजे लाइन बंद ठेवून, जोडणी. पोलीस मात्र आजपुरतेच.

१२ मार्च
लांबू गेला.
सबस्टेशनात स्विच मी स्वतः बंद करून घेतला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. लांबू खांबावर चढला, तारेला हात लावला आणि तिथेच चिकटला. नुसता घुमल्यासारखा आवाज. खाली पडला तेव्हा हाताची कातडी तारेलाच राहिली होती.
कोणीतरी म्हणालं, सबस्टेशनच्या ऑपरेटरने लाइन चालू केली, तो खालच्यांचाच माणूस. सगळी वरची वस्ती सबस्टेशनवर धावली, मीही मागोमाग. त्याला पाय धरून बाहेर ओढला. पहारी, दगड, लाथा. मी किल्ली वर धरून सांगत होते, कुलूप बघा, माझंच कुलूप आहे. कुणी बघितलं नाही. एकाने मला गेटवर आपटलं. ऑपरेटर ‘मी नाही, मी नाही’ एवढंच म्हणत होता. मग तेही थांबलं.

१३ मार्च
ऑपरेटर बेशुद्ध. एक डोळा गेला.
कुलूप जागच्या जागी आहे. म्हणजे करंट सबस्टेशनातून आलाच नाही, गावातल्याच कुणाच्या तरी जोडणीतून आला. सगळी जोडणी तपासत गिरणीपर्यंत गेले. आत नवा जनरेटर — काल सकाळीच आणलेला. तारा थेट मेन बोर्डात खुपसलेल्या. सुरू केला की वीज उलटी आमच्या बंद लाइनीत!
भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटलं, पोलिसांना तुम्ही सांगता की मी सांगू? ते म्हणाले, “मी सांगतो. तुझ्या ताईला मध्ये आणू नकोस.”
वाटलं, बायकोला चौकशीचा त्रास नको, म्हणून जपतायत बिचारे.

१४ मार्च
ऑपरेटर पहाटे गेला.
भाऊजी ठाण्यावर जायला निघाले तशी ताईने त्यांचा हात धरला. म्हणाली, “परवा ते बाजारात होते. दळण तुंबलं होतं, जनरेटर मी लावला.” हाताचं पीठ धुतलं, चपला घातल्या आणि माझ्याआधी घराबाहेर पडली.