पांढरं पाकीट

२३ जून २०२५, सोमवार

आज पुन्हा ट्रक आला! नायक रस्ता ओलांडतोय, हातात फुलं, पलीकडे ती उभी राहून हसतेय – म्हणजे ट्रक येणारच. मी आधीच सांगून मोकळी झाले. समोरच्या जयंतीबाई वैतागल्या. "अय्यो अक्का, गप बसा की! तुम्ही मणता नि तसंच होतं." जसा काही ट्रक मीच पाठवला होता.

संध्याकाळी देवेश कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला. ओरगडमच्या कारखान्यात तो ब्रेकच तपासतो. त्याला विचारलं, काय रे, या कोरियन ट्रकांना ब्रेक नसतात का? म्हणाला, "आई, ट्रकला असतात. लेखकाला नसतात."

पोरगं बापासारखं बोलतं कधीकधी. बरं वाटतं.

२५ जून, बुधवार

आजचा भाग – दहापैकी तीन गुण. ते तीनही तिच्या कोटाला.

बत्तीस वर्षं कराडला गणित शिकवलं, गुण दिल्याशिवाय चैन पडत नाही. चेन्नईत येऊन चौदा महिने झाले. इथे तपासायला वह्या नाहीत, म्हणून मालिका तपासते. दुपारी दोन वाजता जयंतीबाई येतात. टीव्ही माझा, मुरुक्कू – म्हणजे इथल्या चकल्या – त्यांचे. मालिका कोरियन, आवाज तमिळ, आणि अर्थ सांगतात जयंतीबाई – त्यांच्या तंजावरी मराठीत. ती मराठी म्हणजे जुन्या दरबारी पत्राला तमिळ चाल लावावी तशी. पण समजावून सांगायची गरजच काय? तो मनगट धरून ओढतो, ती मनगट सोडवते. चार भाग झाले, दोघांचं एवढंच चाललंय. हाडवैद्याकडे जायची वेळ आली पोरीवर.

आणि तो म्हणे एवढ्या मोठ्या कंपनीचा मालक. एक दिवस काम करताना दिसेल तर शपथ! देवेश बिचारा पहाटे साडेपाचची बस पकडतो. त्याला कधी भर दुपारी समुद्रकिनारी उदास उभं राहायला मिळालंय?

२६ जून, गुरुवार

दाराआडून अर्धंच ऐकलं आणि गेली निघून. बॅग भरून! अगं, आणखी दोन मिनिटं थांबली असतीस तर पुढचं वाक्य ऐकलं असतंस. मी टीव्हीला ओरडले, "विचार की त्याला!" जयंतीबाई म्हणाल्या, "विचारलं तर संपेल की अक्का. मग दोन वाजता आपण करायचं काय?"

हे मात्र खरं.

३० जून, सोमवार

आज आली ती बया. नायकाची आई. मोत्यांची माळ, ओठ मिटलेले, हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल. पर्समधून पांढरं पाकीट काढलं, दोन बोटांनी टेबलावरून सरकवलं. "माझ्या मुलाला सोडून दे." पोरीनं नाही म्हटल्यावर पेल्यातलं पाणी तोंडावर!

हे पाकीट मी आजवर सहा मालिकांत पाहिलं. कोरियातल्या आयांना दुसरं काही सुचतच नाही का? एखादीनं तरी म्हणावं – बस बाई, काय खातेस? जयंतीबाईंना मी तसं म्हटलंही. मी असते तर पोरीला जेवू घातलं असतं. जयंतीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंच, अक्का?" मला वाटलं, मालिकेबद्दलच विचारतायत.

२ जुलै, बुधवार

म्हणून विचारत होत्या तर!

देवेश आणि कीर्ती. जयंतीबाईंच्या भावाची मुलगी. आईवडील तंजावरला, ती इथे हॉस्टेलवर राहते, श्रीपेरुंबुदूरला एका कोरियन कंपनीत दुभाषी आहे. रविवारी आत्याकडे येते, दारात मला "वणक्कम आंटी" करते, तीच. देवेश गेले आठ महिने दर रविवारी जयंतीबाईंचा मिक्सर दुरुस्त करायला जायचा. मला वाटलं काय परोपकारी मुलगा! एवढ्या दुरुस्तीत नवीन मिक्सर तयार झाला असता.

देवेश खाली मान घालून म्हणाला, "आई, तुला सांगणारच होतो." आठ महिने! त्या टीव्हीवरच्या पोरीला मी मूर्ख म्हणते, आणि माझ्याच घरात हे!

चिडले नाही. खरंच नाही. थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले एवढंच. हे जाऊन तीन वर्षं झाली, त्यानंतर एकमेकांना आम्ही दोघंच. आता तिसरं ताट. होईल सवय.

७ जुलै, सोमवार

जयंतीबाईंची घाई – आडी महिना लागायच्या आत एकदा भेटून घ्या, मग महिनाभर शुभ बोलणी नाहीत. आपल्याकडे आषाढात नाही करत, तसंच. सतरा तारखेला आडी. शनिवार ठरला. मी एकटीच भेटते म्हटलं. जयंतीबाई असल्या तर दोघींच्या वाटचं त्याच बोलतील.

आज भागात नाकातून रक्त आलं. म्हणजे आजारी. आणि तो कोणाला सांगणार नाही, तिच्या भल्यासाठी म्हणे! गुण शून्य.

१२ जुलै, शनिवार

भेटून आले. छान झालं! सविस्तर लिहून ठेवते.

मुलगी पहिल्यांदा भेटली की रिकाम्या हातानं पाठवायची नाही, ही आमच्या सासूबाईंची शिकवण. माझी वेळ आली तेव्हा त्यांनी कुंकू लावून ओटी भरली होती. मला ते करता येईना. मी विधवा. मी मानत नाही काही, शाळेत मुलींना नेहमी सांगत आले, असलं काही मानू नका. पण दुसऱ्याच्या लेकीच्या कपाळाला बोट लावताना मला धीर होईना. तिच्या घरच्यांना चालेल की नाही कोणास ठाऊक. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! म्हणून तिला द्यायच्या नोटेलाच कुंकवाचं बोट लावलं आणि वर एक रुपयाचं नाणं. रुपया चिकटवलेलं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात संपलं होतं. देवेशच्या खणात ऑफिसचं होतं, लांबट, पांढरं. त्यात घातलं.

स्टेशनजवळच्या कॉफीच्या हॉटेलात बसलो. मुलगी देखणी नाही, पण तरतरीत. तेलुगूसुद्धा येतं म्हणे. मला काय बोलावं सुचेना. वर्गात कधी असं झालं नाही. दोन वाक्यं घरून पाठ करून नेली होती, ती म्हटली. "माझ्या मुलाबद्दल बोलायचंय." आणि पाकीट तिच्यापुढे सरकवून, "हे ठेव. नाही म्हणू नकोस." कुंकवाबद्दल काही बोलले असते तर रडूच आलं असतं, म्हणून एवढंच.

ती लाजली. पाकिटाकडे बघत राहिली, मग हळूच उचलून पर्समध्ये ठेवलं. "सेरी, आंटी," म्हणाली, म्हणजे बरं. कॉफीसुद्धा न पिता गेली! आजकालच्या मुली अशा लाजतात, मला वाटलं नव्हतं.

मीच तिची कॉफी प्यायले.

१३ जुलै, रविवार

देवेश दारात उभा. बूटसुद्धा न काढता.

"आई, तू कीर्तीला पाकीट दिलंस?"

"हो, दिलं."

"का?"

"द्यायचंच असतं."

तो माझ्याकडे असा बघत राहिला – असा कधी बघितला नव्हता. "तूसुद्धा?" म्हणाला आणि गेला बाहेर. जेवलाही नाही. तूसुद्धा म्हणजे काय? काय चुकलं माझं?

१३ जुलै, तासाभरानं

अरे देवा.

पांढरं पाकीट. कोपऱ्यातलं टेबल. "माझ्या मुलाबद्दल बोलायचंय." "नाही म्हणू नकोस." आणि मी टेबलावरून सरकवलं – दोन बोटांनीच सरकवलं! मोत्यांची माळ तेवढी नव्हती. समोर पाण्याचा पेलासुद्धा होता.

आणि पोरगी तर कोरियन मालिका बघूनच कोरियन शिकलीय.

१४ जुलै, सोमवार

दोन वाजले. जयंतीबाई आल्या नाहीत. त्यांच्याकडे परवा खीर पाठवली होती, तो डबा दाराशी ठेवलेला सापडला. रिकामा. जयंतीबाई कधी डबा रिकामा पाठवत नाहीत. निदान चार केळी तरी असतात.

टीव्ही लावला. तमिळ काही कळलं नाही. बंद केला.

देवेश मुकाट्यानं जेवला आणि खोलीत गेला. एका वाक्याचं काम आहे. "अरे, ते शकुनाचं होतं." घशाशी येतं आणि थांबतं. मला राग आलाय. एकोणतीस वर्षं वाढवलं याला. याला माझ्याबद्दल असं वाटलंच कसं? विचारायचं तरी! त्या कोरियन बाईच्याच पंक्तीला बसवलं मला यानं.

१५ जुलै, मंगळवार

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. नाहीतर लिहायचं कशाला?

राग हे पूर्ण उत्तर नाही. रविवारी ते लक्षात आलं तेव्हा आधी हादरले, आणि मग क्षणभर – अगदी क्षणभर – बरं वाटलं. की चला, मोडलं. माझ्यावर वाईटपणा न घेता मोडलं. आता आम्ही दोघंच राहू, रविवारी तो घरीच असेल. म्हणून दोन दिवस वाक्य घशात अडकलंय. रागाबिगाचं निमित्त.

लाज वाटली. मालिकेतली ती बाई निदान तोंडावर तरी सांगते.

आज देवेशनं दाढी केली नव्हती. तसाच कामावर गेला. ब्रेक तपासणाऱ्या माणसानं असं मन थाऱ्यावर नसताना जाऊ नये. कुणाच्या तरी जिवावर बेतायचं.

१६ जुलै, बुधवार

ठरलं. आधी कीर्तीकडे जायचं, मग देवेशला सांगायचं. ज्याला लागलं त्याची माफी आधी.

जयंतीबाईंचं दार वाजवलं. उघडलं पण साखळी लावूनच. त्या फटीतूनच सगळं सांगितलं – कुंकू, रुपया, खणातलं पाकीट. जयंतीबाई ऐकत राहिल्या. मग साखळी निघाली. "अय्यो अक्का," म्हणाल्या, "एवढ्या मालिका दाखवल्या तुम्हांस, पाकीट कसं द्यायचं नाही हेही शिकला नाही?" हसत होत्या, डोळे पुसत होत्या. आत नेऊन बसवलं. कॉफी दिली. मी म्हटलं, विधवा आहे म्हणून कुंकू लावलं नाही तिला. यावर हसल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "वडील गेल्यावर पाचव्याच दिवशी माझ्या आईला तिच्या सासूनं कोपऱ्यात बसवलं. आम्हांस ते नको, अक्का. तुम्हीच लावा कुंकू."

कीर्ती उद्या सुट्टीवर आहे म्हणाल्या. हॉस्टेलचा पत्ता लिहून दिला – तमिळमध्ये. रिक्षावाल्याला दाखवीन. देवेशला मीच सांगेन, तोवर तुम्ही काही बोलू नका, हेही बजावलं.

करंडा पर्समध्ये घातलाय. आडी उद्याच लागते खरी. पण माफी मागायला मुहूर्त बघतात का? मालिकेत याला अजून सहा भाग लागले असते. विमानतळावर धावाधाव, वगैरे. मी उद्या सकाळी दहाला आटोपते!

१७ जुलै, गुरुवार

कीर्ती सगळं शांतपणे ऐकत होती. मी करंडा काढला तेव्हा तिनं माझा हात धरला.

"आंटी, पाकीट मी त्याच दिवशी बसमध्ये उघडलं. कुंकू बघितलं. रुपया पण. मला समजलं होतं."

मग देवेशला काय सांगितलंस?

"तुझ्या आईनं पाकीट दिलं, एवढंच. खोटं नाही बोलले. पुढचा अर्थ त्यानंच काढला. मी गप राहिले." मग रडायला लागली. "तो फार चांगला आहे, आंटी. पण मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. चार महिने झाले, सांगता येत नव्हतं. वाटलं – तुमच्यावर चिडला तर विसरेल लवकर. आईवर कुणी कायमचं चिडत नाही."

तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले.

देवेश आत्ता आला. चार दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलला, माझ्याकडे न बघता – "जयंतीआत्या म्हणाल्या, सकाळी घरी नव्हतीस. कुठे गेली होतीस?"

भाजीला, म्हटलं.