काढून ठेवलेला प्लग

बाबा,

गाडी घेऊन नोकरीवर रुजू व्हायला निघाले आहे. मुद्दाम उठवलं नाही. तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, "बॅटरी दगा देते गं, पुढच्या आठवड्यात जा."

बॅटरी बिचारी निर्दोष आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला, तर आकडा चौदा व्होल्टच्या आसपास जायला हवा होता, तो बारावरच बसून राहिला. म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं. पट्टा घट्ट होता, म्हणून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागे हात घातला. प्लग काढलेला, आणि आत धूळ जाऊ नये म्हणून वर चिकटपट्टी! पट्टीचं टोक असं दुमडून ठेवणारा घरात एकच माणूस आहे. इतक्या मायेने गाडी बिघडवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

खराब बॅटरी गळ्यात मारली म्हणून त्या मेकॅनिकला तुम्ही चोर म्हणालात आणि तुमची बाजू घेऊन मीही त्याला नाही नाही ते बोलले. जाता जाता त्याची माफी मागणार आहे.

"जाऊ नकोस" म्हणाला असतात, तर कडाकडा भांडले असते आणि तुमच्या पाया पडून निघाले असते.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. पोचल्याचा फोन समोरच्या काकूंना करीन. त्या सांगतील तुम्हाला.