उजव्या खांद्याची खरी हकिकत

डुलुथ,
१४ मे

प्रिय मार्लिस,

तुझं पत्र पोचलं. तुमच्या ॲरिझोनात एवढ्यातच अंग भाजायला लागलं म्हणतेस. इथे सरोवरावर परवापरवापर्यंत बर्फाचे तुकडे तरंगत होते. मी ठीक. चर्चच्या जेवणाला बटाट्याचं हॉटडिश भट्टीत भाजून नेलं होतं, भांडं पुसून परत आलं.

खांद्याचं विचारलंस. नोव्हेंबरात तपासणीत आतला स्नायुबंध पुरता फाटलेला निघाला. मी ऑपरेशनच धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयात कितीतरी जणांचा फाटलेला असतो, काहींना पत्ताही नसतो. आधी तीन महिने व्यायाम करून बघू." एक इंजेक्शन देऊन त्यांनी मला ब्रेटाकडे पाठवलं. ती व्यायाम शिकवते. काठी धरून हात उचलायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, दाराला बांधलेला रबरी पट्टा ओढायचा. पहिल्या दिवशी बोटं नाकापाशीच अडली.

मी विचारलं, "याने फाटलेलं शिवलं जाणार का?"

"नाही हो. ते तसंच राहील. शेजारचे स्नायू त्याचं काम शिकतील. पण शाळा रोज भरायला हवी."

रोज भरवली. फेब्रुवारीत केस विंचरता आले.

मी बर्फावर घसरले असं सगळ्यांना सांगितलं, ते खोटं. ओरिन न्हाणीघरात पडला होता. पक्षाघातानंतर त्याची डावी बाजू नावालाच आहे. शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती. पण ऑक्टोबरात तू फोनवर म्हणालीस, "वर्ना, तुला नवरा उचलवत नाही, त्याला शुश्रूषागृहात ठेव," आणि मी फोन आपटला होता. म्हणून हाक मारली नाही. काखेत हात घालून एकटीनेच ओढला. खांद्यात ओलं कापड फाटावं तसं झालं.

मग त्याला शुश्रूषागृहात ठेवावंच लागलं. "हात बरा होईपर्यंतच," असं मी त्याला म्हटलं होतं.

मार्चअखेर ब्रेटा म्हणाली, "झालं, आता तुमचं तुम्ही घरी करा." मला आनंद झाला नाही. हात डोक्यावर जात होता, आणि कित्येक वर्षांनी मला घरात सलग झोप लागत होती. ओरिन दर भेटीत विचारायचा, "हात कसा आहे?" मी म्हणायची, "दुखतोय अजून." सहा आठवडे हेच.

परवा रविवारी सांगून टाकलं.

तो म्हणाला, "माहीत आहे. ईस्टरला तू माझा कोट वरच्या खुंटीला टांगलास."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू मला घरी नेलं असतंस. तुझा दुसरा खांदा अजून शाबूत आहे."

मग त्याने पत्त्यांचा जोड माझ्याकडे सरकवला. एका हाताने त्याला पिसता येत नाहीत. मी पिसले, वाटले. तीन डाव तो जिंकला. मी निघताना म्हणाला, "गुरुवारी ये. रोज येऊ नकोस."

मी गुरुवारी जाणार आहे.

तुझं तेव्हा बरोबर होतं. एवढी ओळ लिहायला मला सात महिने लागले. जूनमध्ये जमलं तर ये. खोली रिकामी आहे.

तुझी थोरली बहीण, आणि तरीही चुकलेली,
वर्ना