दोन फौजा आणि माझा भात

प्रिय आई,

तुझ्या रोझरीच्या जोरावर ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला, डार्विनमध्ये सुखरूप आहे. वादळाने फोन बंद पडले, म्हणून हे पत्र. छप्पर थोडंसंच उडालंय, घरात हवा छान खेळते.

सध्या चर्चच्या हॉलमध्ये घरं पडलेल्यांसाठी जेवण करतो. मदतीला दोन चिनी म्हातारे आहेत. हानचे वडील माओच्या फौजेत होते, लिनचे त्याच फौजेकडून हरून तैवानला गेले. कांदे चिरताना दोघं ती लढाई रोज नव्याने लढतात.

"लुटारू!"

"पळपुटे!"

फादर मला म्हणाले, "ड्वेन, यांचा समेट कर, नाहीतर लोक उपाशी राहतील."

चार दिवसांपूर्वी दोघांनी सुऱ्या आपटून काम सोडलं. बाहेर ही रांग! मी घाईघाईने भात शिजवला आणि आधी त्यांनाच वाढला. दोघांनी एकेक घास खाल्ला आणि प्रथमच एकमेकांकडे पाहिलं.

"याला भात म्हणायचं?" हान म्हणाला.

"चिखल आहे, कॉम्रेड," लिन म्हणाला.

तेव्हापासून शेगडी त्यांच्याकडे आहे, मी भांडी घासतो. जेवण वेळेवर होतं. फादर म्हणतात, पवित्र आत्म्याने काम केलं.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि भातात पाणी किती घालायचं, तेवढं कळव.

घरात उरलेल्या अख्ख्या एका खोलीचा मालक,
तुझा ड्वेन