रिकाम्या कात्रीला बंदी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांगातली चार अंगं वगळली आहेत, मनानं धरून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? आम्ही इकडे मजेत. सूनबाईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. दुकानही बरं चाललंय. माणसांना केस उगवतात तोवर न्हाव्याला मरण नाही.

तुझं पत्र पोचलं. आमच्या बिट्टीच्या केसांबद्दल तू जो सल्ला दिला आहेस, की दोघांनी हात धरा, एकानं डोकं धरा आणि एकदाचं उरकून टाका, लाडानं शेफारलीय पोर, तो मी सूनबाईला वाचून दाखवला नाही. मला तुझ्या जिवाची काळजी आहे. पण तू मोठी बहीण, म्हणून तोंडावर सांगतो, तसं होणार नाही. माझी नात शेफारलेली नाही. डॉक्टर ज्याला स्वमग्नता म्हणतात (तुझ्या शेजारणीच्या भाषेत ऑटिझम), ते तिला आहे. आणि माझ्या भाषेत सांगायचं तर तिला सगळं जास्त लागतं. डोक्यातून कंगवा फिरला की आपल्याला डुलकी येते, तिला तोच कंगवा ओरबाडतो. मानेवर पडलेला बारीकसा केस तुला-मला कळणारही नाही, तिचा त्यानं जीव कासावीस होतो. आणि मशीनची घरघर तर विचारूच नकोस. नाटक असतं तर मी ओळखलं नसतं का गं? गिऱ्हाइकांची नाटकं बघण्यातच माझा जन्म गेला.

आता गुंत्याची हकीकत ऐक. तिच्या उजव्या कानामागं केसांचा गुंता झाला होता. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, मग इतका, की त्याला वेगळी टोपी शिवावी. आतली कातडी ओढून ओढून लाल झालेली, त्या कुशीवर वळली की पोर कळवळायची. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, हा लवकर निघाला नाही तर जखम चिघळेल, मग गुंगीचं औषध देऊन सगळं डोकं भादरावं लागेल. सूनबाई घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. मग डोळे पुसून माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, अख्ख्या गावाचे केस तुम्ही कापता." वर एकच अट घातली, बिट्टीला कुणी धरायचं नाही.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! गिऱ्हाईक नसेल अशी दुपार निवडली. रेडिओ बंद, पंखा बंद, मशीन खणात कोंडलं, वासाच्या बाटल्या मागच्या खोलीत हद्दपार. तेवढे आपले निवृत्त हेडमास्तर दाढीला येऊन बसले होते, गालभर फेस लावून. त्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. (आयुष्यभर पोरांना सांगितलं त्यांनी, आता त्यांची पाळी.) बिट्टी आली, आपणहून खुर्चीत बसली, आणि तुझ्या भावानं काय करावं? जे आपल्या बाबांनी शिकवलं, जे करताना हात डोक्याला विचारतसुद्धा नाही, तेच केलं. अंगावर पांघरायचं कापड उचललं आणि झटकलं. फट्ट! डोळ्याचं पातं लवायच्या आत पोरगी टॉवेलच्या कपाटात आणि कपाटाचं दार बंद. मी बाहेर जमिनीवर फतकल मारून बसलो, अगदी गप्प. (हो, गप्प. मी तापातसुद्धा बोलतो हे तुला ठाऊक आहे, तेव्हा काय सोसलं असेल ते समज.) हेडमास्तरांच्या गालावरचा फेस वाळून खडू झाला, पण तोंडावरचं बोट हललं नाही.

बऱ्याच वेळानं दार बोटभर उघडलं आणि आतून हुकूम आला, "यांचे कर." मी मुकाट्यानं उठलो, दाढी उरकली, कानावरचे चार केस कापायला कात्री उचलून चालवली, तर कपाटातून आवाज, "रिकामी!" कोण रिकामी? तर कात्री! आपल्या धंद्यात कात्री कधी थांबत नाही, एकदा केसावर तर दोनदा हवेत. बाबा म्हणायचे, कात्री बोलती ठेव, गिऱ्हाइकाला वाटतं काम जोरात चाललंय. ताई, पोरीची भीती नेमकी तिथं होती. कानाशी खटखट चाललेली, त्यातली खरी कुठली आणि फुकटची कुठली कळायला मार्ग नाही, म्हणजे दर खटक्याला आता लागणार, आता लागणार! इतक्या वर्षांत एवढी माणसं या खुर्चीत बसून गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या नातीनं कपाटात बसून ओळखलं. अभिमानानं छाती अशी फुगली माझी, की सदरा उसवायचा बाकी राहिला.

मग सुरू झाली माझी शिकवणी. शाळेतून आली की बिट्टी कानांवर हात ठेवून दुकानाच्या दारात उभी, आणि माझी कात्री हवेत वाजली रे वाजली की ओरडणार, "रिकामी!" जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ती पोर हटेना. गिऱ्हाइकं आधी हसली, मग कुरकुरायला लागली. वाणी म्हणतो, आवाजाशिवाय केस कापल्यासारखं वाटत नाही. शिंपी तर खुर्चीतच घोरायला लागला. हेडमास्तर तेवढे खूश, या वयात सुधारलेला विद्यार्थी त्यांनी म्हणे पहिल्यांदाच पाहिला.

आणि एके दिवशी ती येऊन खुर्चीत बसली. कापड नाही, माझ्या लेकाचा जुना सदरा उलटा घातलेला, बटणं पाठीवर. कायदे सगळे तिचे. कात्री आधी आरशात दिसली पाहिजे, मग तोंडानं सांगायचं, मग एकच घाव, आणि हात वर झाला की थांबायचं. कितीदा थांबलो त्याचा हिशोब नाही, पण ताई, गुंता उतरला! न धरता, न गुंगी देता. सूनबाई दारात उभी राहून रडली. हेडमास्तरही रडले. (डोळ्यात फेस गेला म्हणाले, पण त्या दिवशी फेस लावलेलाच नव्हता.) डॉक्टरबाईंनी कानामागं पाहिलं आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं, तेव्हा मी नुसता मिशीवरून हात फिरवला.

भावजींना नमस्कार सांग. पथ्य पाळायला लाव.

तुझा धाकटा

ता. क. तू येते आहेस हे वाचून फार बरं वाटलं, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र. पोर दिसलं की डोक्यावरून हात फिरवायची तुझी सवय आहे. माया आहे, मला ठाऊक आहे. पण बिट्टीच्या डोक्यावरून नको. हलका हात तिला जास्त झोंबतो. फारच माया दाटून आली तर आधी तिला विचार, हो म्हणाली तर खांद्यावर घट्ट हात ठेव. नाही म्हणाली तर माझ्या डोक्यावरून फिरव, तिथं आता गुंता व्हायला काही शिल्लक नाही.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करण्याआधी सूनबाईनं पत्र वाचलं. (तुझा सल्लाही त्यातच आला, आता तुझं तू बघ.) म्हणाली, बाबा, मिशीवरून हात फिरवलात ते ठीक, पण पुढचं खरं लिहा. तर खरं असं, की त्या दिवशी माझाच हात थरथरत होता. बिट्टीनं तो आरशात पाहिला, गोल टोकाची लहान कात्री माझ्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायचा हातआरसा माझ्या हातात दिला. मी आरसा धरून उभा राहिलो, बाकी काही केलं नाही. कापलंय वेडंवाकडं, एक बाजू वर, एक खाली, आणि नीट करायला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. तेव्हा आल्या आल्या "हे काय ध्यान!" म्हणू नकोस. केस कुणी कापले, एवढंच विचार. फारसं न बोलणारी आमची पोर हल्ली वाटेत भेटेल त्याला, त्यानं विचारो न विचारो, थांबवून सांगते, "मी."